सोळा इंची चाक

मोटारीतले मला फारसे काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे. मी कॉलेजात मराठी शिकवतो. माझा तास चालता चालता नेमका कुठे बंद पडतो हे जिथे मला अठरा वर्षांत ओळखता आले नाही, तिथे गाडी कुठे बंद पडली हे मी काय ओळखणार? तरीही गेल्या वैशाखात माझ्यावर एक चाक निवडण्याची पाळी आली. रस्त्यावर फिरते ते चाक नव्हे. हातात फिरते ते.

या चाकाला मराठीत काय म्हणावे, यातच माझे दोन दिवस गेले. शब्दकोशातला शब्द 'सुकाणू'. शब्द मोठा देखणा आहे, पण तो मूळचा गलबतावरचा. अरबी 'सुक्कान' खलाशांच्या तोंडून आपल्या किनाऱ्याला लागला आणि त्याचे 'सुकाणू' झाले. नाना पेठेतल्या दुकानात जाऊन "अहो, फियाटचं सुकाणू आहे का?" असे विचारण्याचे धैर्य मात्र मला झाले नाही. गॅरेजात सगळे 'स्टेरिंग' म्हणतात. आमचे वडील, म्हणजे अप्पा, 'व्हील' म्हणतात. आमच्या घरातून 'तुमचं ते गोल' असा उल्लेख होतो. मी या लेखापुरते त्याला चाकच म्हणणार आहे. संसाररथाची दोन चाके लग्नाच्या प्रत्येक भाषणात असतात, पण तो रथ वळवायचा कशाने याबद्दल वक्ते कधी बोलत नाहीत, हे तेवढे जाता जाता सांगतो.

गाडी अप्पांची. १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. याच गाडीला पुढे १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले आणि त्या नावानेच ती पुढच्या पिढीला ठाऊक झाली. आमच्या सोसायटीतली पोरे तिला 'डुक्कर फियाट' म्हणतात. ते चूक आहे. डुक्कर फियाट ही हिच्या आधीची, पाठीने गोल. अप्पा ही चूक गेली कित्येक वर्षे गॅलरीतून ओरडून दुरुस्त करीत आले आहेत. १९८३ साली एका डॉक्टरांकडून त्यांनी ही गाडी घेतली. नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, असा तो काळ होता, आणि बँकेतल्या माणसाला सेकंडहँड गाडी म्हणजेसुद्धा एक धाडसच होते.

२०२१ साली काचबिंदूमुळे डॉक्टरांनी अप्पांचे गाडी चालवणे बंद केले. अप्पांनी घरी येऊन किल्ली माझ्या हातात ठेवली, एक शब्द न बोलता. शब्द त्यांनी मागाहून वापरले. तेव्हापासून ते माझ्या डाव्या हाताला बसतात आणि मी गाडी चालवतो. म्हणजे, मी चालवतो असे लोकांना वाटते.

तर वैशाखातल्या एका दुपारी कर्वे रस्त्यावरून आत वळताना चाकाचा दोन इंचांचा एक तुकडा माझ्या तळहातात आला. बाहेरून दिसते ते प्लॅस्टिक, आत लोखंडी कडे. प्लॅस्टिक उन्हाने वर्षांवर्षांनी आकसत जाते आणि लोखंड काही आकसत नाही; मग प्लॅस्टिकला तडकण्यावाचून गत्यंतर नसते. चाकाला तडे पूर्वीच होते. तुकडा निखळला तो नेमका अप्पांच्या उजव्या हाताच्या जागेवरचा. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटे व्हावीत तसे त्यांचे दोन हात चाकावर असत, आणि त्या दोन जागा झिजून देवळाच्या उंबऱ्यासारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. तुकडा मी खिशात घातला. अप्पांनी विचारले, "काय पडलं?" मी म्हणालो, "काही नाही." ते म्हणाले, "काही नाही तर खिशात काय घातलंस?" काचबिंदू झालेल्या माणसाला नको ते नेमके दिसते.

दुसऱ्या दिवशी मी नाना पेठेत गेलो. तिथे मोटारीचे झाडून सगळे सुटे भाग मिळतात, असे ऐकून होतो, आणि ते खरे निघाले. दुकानदाराने माळ्यावरून एक काळेभोर, चकचकीत चाक काढून माझ्यापुढे ठेवले. "साहेब, डिट्टो कंपनीसारखं." ते मी आमच्या मेस्त्रींकडे नेले. गंज पेठेतल्या एका बोळात त्यांचे गॅरेज आहे. वय साठीच्या पुढे, बोलणे मोजके. त्यांनी मधले नट काढले, ओढणीने जुने चाक उपसून काढले आणि नवे दांड्यावर बसवून पाहिले. या दांड्याच्या टोकाला करवतीसारखे बारीक दात असतात आणि चाकाच्या मध्यभागी त्यांत बसणाऱ्या खाचा. दोन्हींचे जमले तर जमले. मेस्त्रींनी ते चाक दोन बोटांनी हलवले. केसभर हलले. "परत करा," ते म्हणाले. "आज केसभर हलतंय, वर्षानं करंगळीभर हलेल. घाटात कोण बघायला जातंय?" मी ते परत केले. दुकानदाराने पैसे परत न देता त्याबद्दल एक आरसा आणि दोन पायपुसणी दिली. पायपुसणी घरात कामाला आली.

मग जुनेच डागडुजी करून घ्यावे, असे मी म्हणालो. मेस्त्रींनी ते उजेडात धरले. प्लॅस्टिकचे तडे हा दिसण्याचा प्रश्न, ते भरता येतात. पण जिथे आडवी दांडी आतल्या कड्याला जोडलेली असते तिथे गंजाने पोखरले होते. त्यांनी दोन हातांनी चाक जरा पिळले तर ते पापडासारखे लवले. "याला आता रिटायर करा," म्हणाले. अप्पा शेजारी स्टुलावर बसले होते. कुणाला रिटायर करा म्हणतात याची त्यांनी चौकशी केली नाही.

ही बातमी नातेवाइकांत पसरायला वेळ लागला नाही. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर जेवढे सल्ले येतात, त्याहून जास्त जुनी गाडी आजारी पडली की येतात. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकांनी मला भीती घातली, की २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी मूळ स्वरूपात राखली असेल तरच ती 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नंबरपाटीवर 'व्हीए' ही अक्षरे मिळतात, आणि तू जर चाक बदललेस तर सगळे मुसळ केरात. मी नियम काढून वाचला. त्यात सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांच्या मोठ्या फेरफाराची गोष्ट आहे. चाकापायी काही अडणार नव्हते. पण त्याच नियमात असेही आहे, की अशी गाडी नेहमीच्या कामासाठी रस्त्यावर काढायची नाही. ते ऐकून अप्पांनी निकाल दिला, "मंडईत न्यायची नसेल तर गाडी हवी कशाला?"

एवढ्यात मुंबईच्या माझ्या मावसभावाने एक खोके पाठवले. त्यात शर्यतीच्या गाडीला असते तसले तेरा इंचांचे, कातडी गुंडाळलेले, तीन दांड्यांचे चाक होते. सोबत ते आमच्या दांड्यावर बसावे म्हणून मधला जोडतुकडाही होता. चाक दिसायला फार सुरेख. मी ते दिवाणखान्यात मांडीवर घेऊन थोडा वेळ फिरवलेसुद्धा. मराठीच्या प्राध्यापकालाही मन असते. मेस्त्रींनी नाखुशीनेच ते बसवले.

पहिल्याच दिवशी अडचणी निघू लागल्या. त्या जोडतुकड्यामुळे चाक दोन-अडीच इंच माझ्याकडे सरकले. माझे पोट आणि चाक यांमधले अंतर आधीच वादग्रस्त होते, ते आता मिटल्यातच जमा झाले. दिव्यांची कांडी बोटांच्या टप्प्याबाहेर गेली. मोठ्या चाकाच्या पोकळीतून वेगाचा काटा स्वच्छ दिसायचा, तो लहान चाकाच्या कडेआड लपला. मेस्त्री म्हणाले ती गोष्ट तर माझ्या ध्यानीमनीही नव्हती. नव्या गाड्यांत चाकाच्या पोटात हवेची पिशवी असते आणि आतला दांडा धडकेत दुमडेल असा केलेला असतो. आमच्या गाडीचा दांडा सरळसोट, न दुमडणारा, छातीवर रोखलेला भाला. तो जितका लांब तितका बरा.

पण हे सगळे मी गोड मानून घेतले असते. खरी गोष्ट घडली ती रविवारी.

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. लायसन तिने पावसाळ्याआधीच काढले होते, पण ते एका मोटार ट्रेनिंगच्या छोट्या गाडीवर. आजोबांची गाडी चालवायची तिला फार हौस. त्या दिवशी ती चाकावर बसली आणि गाडी आहे तिथून बाहेर काढण्यासाठी चाक वळवू लागली. चाक वळेना. तिने दोन्ही हातांनी ओढले, ओठ चावला, चेहरा लालबुंद झाला. अप्पा खाली खुर्ची टाकून बसले होते. ते म्हणाले, "तरी मी म्हणत होतो. बायकांच्या हाताला ही गाडी जड जाते."

मुलगी काही बोलली नाही. खाली उतरली, किल्ली माझ्या हातात दिली आणि जिना चढून गेली.

ते वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले होते. १९९३ साली माझी ताई एकोणीस वर्षांची होती. तिने अप्पांना गाडी शिकवा म्हटले, तेव्हा अप्पांनी तिला अगदी हेच शब्द ऐकवले होते. आई स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "शिकवा की. जड आहे की हलकी ते तिचं तिला कळेल." तेवढ्यावर तो विषय संपला. पाच वर्षांनी मी अठरा वर्षांचा झालो, आणि अप्पांनी आपणहून मला एका शाळेच्या मोकळ्या मैदानावर नेऊन गाडी शिकवली. ताई लग्न होऊन नाशिकला गेली, तिथे स्वतःच्या पगारातून फी भरून शिकली आणि आता वीस-बावीस वर्षे स्वतःची गाडी चालवते आहे. पण माहेरच्या या गाडीच्या चाकाला तिने कधी हात लावलेला नाही. मैदानावरच्या त्या सकाळी मी मात्र मोठ्या आनंदाने चाकावर बसलो होतो. "आणि ताई?" असे मी अप्पांना विचारले नाही. तेव्हा नाही आणि नंतरही नाही. हे लिहिताना हात जरा अडखळतो आहे, पण खरे ते खरे.

सोमवारी आम्ही पुन्हा गंज पेठेत. अप्पा हट्टाने बरोबर आले. मी मेस्त्रींना विचारले, "काल मुलीला चाक वळेना. गाडीत काही बिघाड आहे का?"

"गाडीत नाही. चाकात आहे," मेस्त्री म्हणाले. "सर, जात्याचा खुंटा कुठं ठोकतात?"

"कडेला."

"मधे का नाही ठोकत?" मी गप्प. "मधे ठोकला तर दळणारीनं कितीबी जोर लावू दे, पाळू हलायची नाही. आमची आई पहाटे पायली दळायची, काटकुळी बाई. तिच्या दंडात जोर नव्हता, खुंटा कडेला होता. या गाडीला मोठं चाक दिलंय ते असंच. आतापरमानं मदतीला मोटर नाही हिला. तुम्ही तिचा खुंटा आत घेतला आणि म्हणता, पोरीला वळेना."

घरी येऊन मी एका उत्तरपत्रिकेच्या पाठीमागे गणित मांडले. शिंप्याच्या टेपने मोजले तर जुने चाक सुमारे सोळा इंच भरले. सोळा भागिले तेरा, म्हणजे तेच वळण घ्यायला जोर जवळजवळ सव्वापट. मलाही रविवारी चाक जडच गेले होते, पण "पुरुषांच्या हाताला जड जाते" असे कोणी म्हणाले नाही.

अप्पा परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलले नव्हते. रात्री जेवून उठताना म्हणाले, "बुधवारी जुन्या बाजारात जाऊ. सोळा इंचीच बघायचं."

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे जगातली कोणतीही वस्तू मिळते, फक्त तुम्ही शोधायला गेलेली सोडून. आम्ही तीन बुधवार गेलो. तिसऱ्या बुधवारी कुलपे, नळ आणि ग्रामोफोनचे कर्णे यांच्या ढिगाखालून एक चाक निघाले. विक्रेता म्हणाला, मुंबईच्या टॅक्सीचे आहे. ते खोटे असायचे कारण नव्हते. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली, टॅक्सीला वीस वर्षांचीच मुदत असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली, आणि तिचे हातपाय असे ठिकठिकाणच्या बाजारांत विखुरले. अप्पांनी चाक हातात घेतले, डोळ्यांजवळ नेले नाही. दोन्ही हातांनी पिळून पाहिले, मग मधल्या खाचांवरून करंगळी फिरवली. "लोखंड शाबूत आहे. दात झिजलेले नाहीत. तडे चार आहेत." तडे मी मोजले. चारच होते. अडीच हजार सांगितलेले चौदाशेवर आले. घरी आल्यावर ऐकायला मिळाले, "मिक्सरचं भांडं सहा महिने गळतंय, त्याला कोणी तीन बुधवार देत नाही." हे अगदी रास्त होते. भांडे त्याच आठवड्यात आणले.

तडे भरण्याचे काम घरीच केले. मेस्त्रींनी रीत सांगितली होती. तडा आहे तसा बुजवायचा नाही. आधी कानशीने तो रुंद करायचा, उघड्या चोचीसारखी खाच करायची, म्हणजे लुकण आत धरून राहते. मग दोन नळ्यांतले अॅराल्डाइट कालवून खाच काठोकाठ, जरा वरच, भरायची. रात्रभर वाळू द्यायचे. आणि मग पॉलिश पेपरने पाण्यात भिजवून घासत राहायचे. घासण्याचे काम अप्पांनी मागून घेतले. आठ दिवस गॅलरीत मांडीवर टॉवेल, शेजारी पाण्याचे तसराळे, असा त्यांचा उद्योग चालला होता. मला वाटे झाले, आता गुळगुळीत झाले. अप्पा अंगठा फिरवून म्हणत, "इथे उंचवटा आहे." मी डोळे ताणून पाही, काही दिसत नसे. मग मीही डोळे मिटून बोट फिरवले. उंचवटा होता.

असेच एकदा घासता घासता, मान वर न करता त्यांनी विचारले, "तुझी ताई नाशकात कुठली गाडी चालवते?"

"ऑटोमॅटिक आहे अप्पा. ही दुसरी. पहिली विकली तिनं."

"दुसरी?" ते थांबले. "चाक केवढं आहे?"

"मी मोजलं नाही."

"हं," म्हणाले, आणि पेपर पाण्यात बुडवला.

रंग मुलीने निवडला. मूळचा रंग हस्तिदंती होता असे अप्पांचे म्हणणे. आमच्या जन्मात ते चाक चहाच्या रंगाचेच होते. तिने दुकानात छटांची पाने चाळून हस्तिदंतीच काढला. मेस्त्रींनी चाक बसवले, तेव्हा पुढची चाके सरळ धरून, आडव्या दांड्या पातळीत ठेवून, नट आवळले. बाहेर चक्कर मारून पाहतो तो गाडी सरळ जाते आणि चाक मात्र मान वाकडी करून बसलेले. एक दात चुकला होता. पुन्हा काढले, एक दात मागे घेतले, पुन्हा बसवले. मावसभावाला मी आभाराचे पत्र लिहिले आणि त्याचे चाक खोक्यात घालून माळ्यावर ठेवले.

गौरींना ताई आली. दुसऱ्या दिवशी सकाळी फुले आणायला मंडईत जायचे होते. आम्ही सगळे खाली उतरलो. मी सवयीने उजव्या दाराशी गेलो, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "किल्ली तिच्याकडे दे."

मला वाटले मुलीला द्यायची. मुलीलाही तसेच वाटले. तिने हात पुढे केला. "तिला येताना," अप्पा म्हणाले. "आत्ता हिच्याकडे दे."

ताईने किल्ली घेतली. मी आणि मुलगी मागे बसलो. मागच्या सीटवर मी कधी बसलो होतो ते मला आठवेना; तिथून अप्पांची मान किती बारीक झाली आहे ते दिसत होते. ताईने पुढे सरकून सीट जवळ घेतली, चाकावर दोन हात ठेवले, दहा वाजून दहा मिनिटांनी, आणि म्हणाली, "केवढं मोठं आहे हो हे!"

"सोळा इंच," अप्पा म्हणाले.

तिने गाडी चालू केली. उजवीकडे पूर्ण वळवून बाहेर काढायची होती. तिचे हात हलले, तसे अप्पा चटकन म्हणाले, "थांब. उभ्या गाडीत चाक फिरवायचं नाही. आधी गाडी जरा हलू दे, मग फिरव. मग जड जात नाही."

हेच वाक्य त्यांनी मला मैदानावर सांगितले होते. ताईने क्षणभर आरशातून माझ्याकडे पाहिले.

"माहीत आहे अप्पा," ती म्हणाली, आणि तिने क्लच हळूहळू सोडला. गाडी हातभर पुढे सरकली, मग चाक फिरले, एक पूर्ण फेरा, वर अर्धा, आणि गाडी खांबाला न लागता फाटकातून बाहेर पडली. मंडईपर्यंत कोणी काही बोलले नाही. अप्पांचा उजवा पाय तेवढा खालच्या पत्र्यावर ब्रेक दाबत होता. तो माझ्या वेळीही दाबतो.